गोळीवरचं दूध

गोठ्यातली मधली म्हैस गाभडली, तेव्हा थंडी नुकती कुठे पडायला लागली होती. तिचे दिवस भरायला अजून चांगला अवकाश होता. सायबाई सकाळी चरवी घेऊन गोठ्यात शिरली, तर म्हैस पाय ताणून उभी, शेपूट वर, डोळे पांढरे केलेले. सायबाईनं तिथूनच आरोळी ठोकली, "लोण्या, अरे धाव! घात झाला!"

लोण्या हा तिचा एकुलता एक मुलगा. जन्मला तेव्हा लोण्याचा गोळा होता, म्हणून हे नाव पडलं. आता तिशी उलटली, बायको आली, पोरगी शाळेत जायला लागली, तरी गल्लीच्या लेखी तो लोण्याच. आणि त्याच्या आईचं खरं नाव तरी कुणाला ठाऊक होतं? बोटभर साय धरल्याशिवाय ती घरात कुणाच्या हाती दुधाचा पेला देत नसे, म्हणून ती सायबाई.

लोण्या आला, सदरा काढून खुंटीवर फेकला, हाताला तेल चोपडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. जनावरांच्या डॉक्टरनं दिलेले लांब हातमोजे फळीवर धूळ खात पडले होते. ते घालून काम करायचं म्हणजे फडक्यातून भात खाल्ल्यासारखं, असं तो म्हणायचा. थंडीनं त्याची बोटं उललेली, भेगांतून रक्त येत होतं. त्याच हातांनी त्यानं मेलेलं पारडू ओढून काढलं. अंगावर केससुद्धा धड आले नव्हते त्याच्या. पारडामागची वार पडेना, तेव्हा दुपारपर्यंत तो ती तुकड्यातुकड्यानं सोडवत बसला. मग हौदावर हात धुतले, कडेच्या म्हशीखाली बसला, पहिली धार पेल्यात घेतली आणि तिथंच उभ्याउभ्या प्यायला.

ही त्या घरची रीत. धार काढेल त्यानं आधी पेलाभर धारोष्ण दूध प्यायचं, मग चरवी भरायची. सायबाईचा सासरा असाच प्यायला, नवरा असाच प्यायला, आणि लोण्याला तर दात यायच्या आधीपासून तिनं ते पाजलेलं. "धारोष्ण पिणाऱ्याला दवाखान्याचं दार माहीत नसतं," असं ती सुनेला ऐकवायची. सून हसायची आणि आपला पेला चुलीवर ठेवायची. माहेरी तिला उकळलेल्याची सवय होती. सायबाईला ते कधी आवडलं नाही.

थंडी सरता सरता लोण्याला ताप भरायला लागला. सकाळी बघावं तर गडी ठणठणीत, चारा कापतोय, शेण ओढतोय. दिवेलागण झाली की हुडहुडी. तासाभरात अंग असं फणफणायचं की हात लावता येऊ नये. मग घाम. घाम तरी किती, अंथरूण पिळून वाळत घालावं लागायचं. आठवडाभर ताप यायचा, मग चार दिवस गायब व्हायचा, आणि सुटलो म्हणावं तोवर पुन्हा हजर. लोण्याचं खाणं तुटलं. गालफडं बसली. कंबर तर अशी धरली की म्हशीखाली उकिडवं बसताना त्याच्या तोंडून शिवी निघायची आणि उठताना आईचं नाव.

दूध न्यायला येणारा टेम्पोवाला एक नंबरचा टवाळ. तो कॅन उचलता उचलता म्हणायचा, "काय लोण्या, पार वितळलास की रे! तूप व्हायला बसलास का?" आधी लोण्या हसायचा. मग त्याला हसायचंही त्राण उरलं नाही. एका सकाळी तो म्हशीखाली बसला आणि त्याला उठताच येईना. चरवी हातात धरून तो नुसता बसून राहिला. म्हशीनं वळून बघितलं. सून धावली, तिनं चरवी काढून घेतली, काखेत हात घालून त्याला उभं केलं. धार मग तिनं काढली. त्या दिवसापासून दोन्ही वेळची धार तिच्याच अंगावर पडली.

म्हशी तिच्या हाताला पान्हावत नव्हत्या. लोण्याच्या हाताची सवय त्यांना. एक तर पाय झाडायची. सुनेची मनगटं सुजली, रात्री तिला मूठ वळता येईना. पण ती बोलली नाही. बोलली ती एवढंच, "आई, आता यांना दवाखान्यात नेऊ या. घरचे काढे पुरे झाले."

सायबाईला ते पटलं नव्हतं, पण पोराचं तोंड बघवत नव्हतं. तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला सरळ. तिनं पाठीचे मणके एकेक दाबून बघितले. कमरेच्या वरच्या मणक्यावर बोट आलं आणि लोण्या ओरडला. रक्त काढून घेतलं. पुढच्या फेरीला बोलावलं आणि पहिलाच प्रश्न केला, "घरी जनावरं आहेत? एखादी गाभडली का इतक्यात?"

लोण्यानं सांगितलं. हातमोज्यांचंही सांगितलं, धारोष्ण दुधाचंही.

"मग तिथूनच आलंय हे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "जनावरांचा रोग आहे. हाताच्या भेगांतून गेला असेल, कच्च्या दुधातून गेला असेल. बहुतेक दोन्हीकडून. घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासा, जनावरांचंही तपासून घ्या. आणि आजी, यापुढे दूध उकळल्याशिवाय कुणाच्या तोंडाला लावायचं नाही."

सायबाईला कानाखाली वाजवल्यासारखं झालं. खोलीत आणखी दोघी बायका आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या, त्यांनी वळून बघितलं. माझं दूध? माझ्या दुधानं रोग? तिचे कान तापले.

डॉक्टरीणबाई लोण्याला समजावत होती. "घाबरू नकोस, यावर औषध आहे. रोज एक सुई आणि ही कॅप्सूल. टेट्रासायक्लिन. काही नवलाची गोळी नाही, माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली आहे. छातीच्या विकाराला देतात, डोळ्यांना देतात, पोरापोरींच्या मुरुमांनासुद्धा देतात. तुझ्या रोगाला ती नेमकी लागू पडते. पण नेमानं घ्यायची. दिवसातून चार वेळा, सहा आठवडे. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. सोडलीस तर हा रोग हाडात जाऊन बसेल, मग तो मला आवरायचा नाही." मग तिनं सुनेकडे बघितलं. "ही गोळी घरातल्या लहान मुलीला चुकूनही द्यायची नाही, दात कायमचे पिवळे पडतात. तुम्हाला दिवस गेले असतील तर तुम्हीही हात लावायचा नाही. आणि याला उन्हात बसू देऊ नका, कातडी भाजते."

बाहेर औषधाच्या खिडकीशी ही गर्दी. औषधवाल्यानं पुड्या सरकवल्या आणि मागच्या माणसाकडे बघत बघत सांगितलं, "रिकाम्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर. घेतली की लगेच आडवं व्हायचं नाही. गोळीवर दूध नको, ताक नको. पुढचा कोण?"

ऐकलं नाही असं नव्हतं. सायबाईनं अगदी नीट ऐकलं. पण तिला वाटलं, या लोकांचं दुधाशी काय वाकडं आहे? आत ती बाई दुधाला नावं ठेवते, बाहेर हा. सगळे एका माळेचे मणी. जन्मभर जे पिऊन माणसं उभी राहिली, ते यांच्या एका चिठ्ठीनं विष झालं होय!

तरी सुरुवातीला सगळं सांगितल्याप्रमाणं चाललं. सून तांब्याभर पाणी घेऊन उभी राहायची, लोण्या गोळी घ्यायचा. आणि गुण आला की! पहिला आठवडा संपायच्या आत दिवेलागणीची हुडहुडी थांबली. अंथरूण कोरडं राहायला लागलं. लोण्या भिंत धरून गोठ्यापर्यंत जाऊन आला, म्हशींच्या पाठीवर हात फिरवून आला. सून त्या दिवशी धार काढताना गुणगुणत होती.

पण त्या गोळीनं पोटात आग पेटवली. रिकाम्या पोटात ती पडली की लोण्या छाती चोळत बसायचा. घशापासून बेंबीपर्यंत जळायचं. दोनदा उलटी झाली, नुसतं कडूजहर पाणी. त्यात एका सकाळी तो ऐकेना, चारा तोडायच्या ओट्यावर जाऊन उन्हात बसला. "थोडी ऊब घेऊ दे, त्या हुडहुडीनं हाडं गोठलीत," म्हणाला. घरात आला तेव्हा तोंड लालबुंद, मानेवर आणि हातांवर भाजल्यासारखं. दुसऱ्या दिवशी नाकाची कातडी सोलून आली. लोण्यानं गोळ्यांची पुडी भिरकावली. "मी नाही घेत. तापानं मरायचा तो आगीनं मरेन. हे औषध आहे का निखारा?"

आणि इथंच सायबाईनं सूत्रं हातात घेतली. गोष्ट तिला स्वच्छ दिसत होती. गोळी उष्ण. पोट जळतंय, तोंड लाल होतंय, कातडी भाजतेय, ही सगळी उष्णता. उष्णाला उतारा थंडाचा. आणि दुधाइतकं थंड जगात दुसरं काय आहे? कच्चं नको म्हणतात ना, बरं, कच्चं नाही देत. तिनं दूध चांगलं तीन उकळ्या येईपर्यंत तापवलं, निववलं, वर बोटभर साय आली तशी पेल्यात ओतलं आणि लोण्यासमोर धरलं. "घे. गोळी टाक तोंडात आणि वरून हे पी. बघ कसं शांत वाटतं ते."

लोण्या प्यायला. त्यानं डोळे मिटले. "आई," तो म्हणाला, "देवच भेटला गं."

सून दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, त्या खिडकीवाल्यानं गोळीवर दूध नको म्हणून सांगितलं होतं."

"तो गोळ्या विकतो. दूध मला माहीत आहे."

"पण आई..."

"अगं, तू या घरात यायच्या आधीपासून मी याला दूध पाजतेय. तू मला दूध शिकवू नकोस." सायबाईनं पेला पुसला आणि फळीवर ठेवला. सून आत गेली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. काढून काय उपयोग होता? लोण्याच आता गोळीच्या वेळेला पेल्याकडे डोळे लावून बसायचा.

चारी वेळा पेलाभर दूध, चारी वेळा गोळी. आग थांबली. उलटी थांबली. तोंडाची लाली उतरली. नवी गोरी कातडी आली, आणि मग तो दिवसभर उन्हात बसला तरी ती लाल होईना. सायबाई शेजारणीला सांगायची, "बघा, दुधानं उष्णता खेचून घेतली." तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला की तिनं घरातलं निम्मं दूध लोण्यासाठी बाजूला काढायला सुरुवात केली.

तसंही दूध घ्यायला कोण येत होतं? जनावरांच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि मधली व तिच्या पलीकडची, अशा दोघींना रोग निघाला. त्या दावणीवरून सोडून गाडीत चढवल्या तेव्हा मधली मागं वळून हंबरली. सुनेचं, पोरीचं, सायबाईचं रक्त स्वच्छ निघालं, एवढंच त्यात बरं. पण बातमी गावभर झाली. टेम्पोवाल्यानं आधी त्यांचा कॅन इतरांपासून वेगळा, पार मागच्या कडेला ठेवायला सुरुवात केली. मग एका सकाळी तो थांबलाच नाही. सून कॅन घेऊन रस्त्यावर उभी. टेम्पो पुढं जाऊन जरा सावकाश झाला, त्यानं मान बाहेर काढली. "वहिनी, माझा इलाज नाही. लोक म्हणतात त्या घरचं दूध नको." आज त्याला एकही विनोद सुचला नव्हता. सून तो भरलेला कॅन दोन्ही हातांनी धरून, पाऊलपाऊल टाकत परत आली. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या, कुणी बोललं नाही. सायबाईनं दारातून ते बघितलं आणि ती आत जाऊन उगाच भांडी आपटत बसली.

सुया संपल्या. आणि मग ताप परत आला.

आधी नुसती कणकण. मग दिवेलागणीची हुडहुडी. पाठ तर आता पूर्वीपेक्षा जास्त. लोण्याला कूस बदलायची तर दोघींनी धरावं लागे. शेजारीपाजारी म्हणाले, सरकारी गोळ्या, त्यांत काय असणार, नुसती खडूची भुकटी. सायबाईनंही मान हलवली. तिला तसंच वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं, असं मात्र म्हणवत नाही. कारण त्या दिवसांत ती पेला देताना सुनेच्या तोंडाकडे बघायचं टाळत होती.

पुन्हा डॉक्टरीणबाई. तिनं रक्ताचा कागद बघितला, लोण्याची पाठ बघितली, तिच्या कपाळाला आठी पडली. "असं व्हायला नको होतं. पहिल्या आठवड्यात तर छान उतार पडला होता. गोळी चुकवलीस का?"

"एक पण नाही," लोण्या म्हणाला.

"कशाबरोबर घेतोस? दुधाबरोबर नाही ना?"

सुनेनं सासूकडे बघितलं. सायबाईनं भिंतीकडे बघितलं. तिथं हात कसे धुवावेत त्याचं चित्र लावलेलं होतं. तिच्या जिभेवर शब्द आले होते. पण मागच्या बाकावर आजही बायका होत्या, आणि या डॉक्टरीण पोरीनं एकदा तिच्या दुधाला रोगट म्हटलं होतं. आता पुन्हा? सगळ्यांदेखत?

लोण्यानं आईचं तोंड बघितलं. लहानपणापासून बघत आलेलं तोंड, त्याला काय कळायचं राहणार? "छे हो," तो म्हणाला. "पाण्याबरोबर. चांगलं तांब्याभर पाणी पितो."

डॉक्टरीणबाईनं तसं लिहून घेतलं, गोळ्या वाढवून दिल्या आणि म्हणाली, यानंही फरक पडला नाही तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल.

परतताना एसटीच्या थांब्यावर लोण्याला बाकावर टेकवून दोघी जरा लांब उभ्या राहिल्या. सून म्हणाली, "आई, तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

"म्हणजे माझ्या पोराला मी विष घातलं, असं म्हणतेस तू?"

"मी तसं म्हणत नाही."

"मग काय म्हणतेस?"

सुनेनं आपली सुजलेली मनगटं पदराखाली घेतली. सायबाईला त्या क्षणी ती पोरगी नकोशी झाली. खरं बोलणारं माणूस घरात असणं फार जड जातं.

घरी आल्यावर एक दिवस सायबाईनं पेला भरला नाही. मुकाट्यानं पाणी पुढं केलं. दुपारी लोण्याची छाती जळायला लागली, तो कुशीवर वळून उशी चावायला लागला. "आई, घोटभर दे ना गं." तिचं काळीज कुठलं ऐकतंय! घोटभरानं काय होतंय, असं म्हणत तिनं दिलं. आणि घोटभराचा पेला व्हायला वेळ लागत नाही.

मग पाय गेले. एका सकाळी लोण्या म्हणाला, "उजव्या पायाला मुंग्या आल्यात." संध्याकाळपर्यंत तो पाय त्याला आपला वाटेना. दोन दिवसांत डावाही तसाच. पाठीच्या मणक्यावर बोटभर उंचवटा आला होता. जीपच्या मागच्या बाजूला गादी टाकून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो ओरडत होता, आणि सायबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन ड्रायव्हरला शिव्या देत होती.

मोठ्या दवाखान्यात लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा. हाडांचा डॉक्टर सकाळी फेरीला यायचा तो बरोबर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन. त्यानं पाठीचा फोटो उजेडासमोर धरला. दोन मणके किडल्यासारखे खाल्लेले, मध्ये पू साठलेला. तो शिकाऊ डॉक्टरांना सांगत होता, पण मराठीत, म्हणून सायबाईला कळत होतं. "टेट्रासायक्लिन पूर्ण दिलेलं आहे, पाण्याबरोबर, एकही चुकवलेली नाही. तरी रोग पसरला. म्हणजे याच्या जंतूंना ते औषध लागू पडत नाही. साध्या गोळ्या आता बाद. यापुढची जी औषधं आहेत ती कडक आहेत, मूत्रपिंडावर येतात. एका औषधानं कान जाऊ शकतात. पण दुसरं हाताशी काही नाही." मग तो लोण्याकडे वळला. "पू काढायला पाठ उघडावी लागेल. आणि ही औषधं सुरू करू. चालेल ना?"

लोण्यानं मान हलवली. त्याला काय, त्यानं सगळ्यालाच मान हलवली असती.

सायबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. कान जाऊ शकतात, हे तिनं ऐकलं. लागू पडत नाही, हेही ऐकलं. लागू पडलं होतं की! पहिल्या आठवड्यात पडलं होतं. अंथरूण कोरडं राहिलं होतं, तो भिंत धरून गोठ्यात गेला होता. तेव्हा पाणी होतं. मग पोट जळायचं थांबलं, कातडी भाजायची थांबली, आणि आपण शेजारणीला सांगत सुटलो. थांबली ती उष्णता नव्हे. थांबलं ते औषध. हे तिला अगोदरच कुठंतरी कळलं होतं, आता फक्त लपवायला जागा उरली नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली. कुणाचं लक्ष गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "डॉक्टर, थांबा. त्यानं ती पाण्याबरोबर नाही घेतली."

लोण्यानं उशीवरून मान हलवली. नको, आई, असं त्याचे डोळे सांगत होते. तिनं तिकडे बघितलं नाही.

"दुधाबरोबर घेतली. मी दिलं. चारी वेळा, पेलाभर. मला सांगितलं होतं नको म्हणून. माझ्या सुनेनंही सांगितलं होतं. तरी मी दिलं. त्याचं पोट जळत होतं हो."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं डोकं वर काढलं. डॉक्टरनं फोटो खाली ठेवला. त्याला राग आला होता, पण तो गिळला त्यानं. "रोज?"

"रोज."

"आजी, दुधात चुना असतो, आपली हाडं त्याच्यावर बनतात. ही गोळी त्या चुन्याला भेटली की दोघं एकमेकांना धरून बसतात, सुटत नाहीत. रक्तात फारसं काही जात नाही. तुमच्या मुलानं गोळी गिळली खरी, पण त्यातली फार थोडी त्याला मिळाली." तो थांबला. "हे आधी कळलं असतं, तर..." मग शिकाऊ डॉक्टरांकडे वळून त्यानं ती कडक औषधं खोडली. म्हणाला, पू काढू या, आणि साधी गोळी व सुया पुन्हा पहिल्यापासून. जंतू अजून ऐकणारे आहेत, ऐकवलंच कुठं होतं त्यांना?

फेरी पुढं गेली. सून खाटेच्या दुसऱ्या बाजूनं आली, सायबाईच्या मागे स्टूल सरकवलं आणि म्हणाली, "बसा आई." एवढंच म्हणाली. सायबाई बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. आजूबाजूच्या खाटांना कळायचं ते सगळं कळलंच होतं.

पू काढला. पायांत हळूहळू जीव आला. डावा बराचसा, उजवा ओढत. पण मणके खचलेले ते खचलेलेच. घरी सोडताना हाडांच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं. "काठीनं चालेल. उकिडवं बसणं आता नाही, ओझं नाही, म्हशीखाली तर नाहीच. आणि गोळ्या अजून कित्येक आठवडे आहेत. या वेळी त्यात कुचराई झाली, तर काठीसुद्धा विसरा. त्यानंतर मी काही करू शकणार नाही."

घरात दावणीला दोनच म्हशी उरल्या होत्या. त्यांचं दूध आता सून लांबच्या वस्तीवर, जिथं कुणी ओळखत नव्हतं तिथं, उकळून नेऊन विकत होती. लोण्याची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी टाकलेली. चुलीवर दुधाचं पातेलं चढलेलं, घरभर त्याचा वास.

गोळीची वेळ झाली. सायबाईनं स्वतः तांब्या भरला. लोण्यानं गोळी गिळली, पाणी प्यायला, भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळानं त्याच्या कपाळावर घाम फुटला. त्यानं छातीवर मूठ दाबली.

"आई, जळतंय."

"माहीत आहे रे."

"घोटभर दे. नुसती साय दे चमचाभर."

"नाही."

लोण्यानं तिच्याकडे बघितलं. जन्मात त्याला आईनं दुधाला नाही म्हटलं नव्हतं. आधी त्याला ते खरंच वाटलं नाही. मग त्याचं तोंड वाकडं झालं. "का नाही? तेव्हा बरी देत होतीस! तेव्हा पेले भरभरून देत होतीस, ही नको म्हणत होती तरी. आता माझी पाठ मोडल्यावर हात आखडतेस?" तो ओरडत होता आणि ओरडता ओरडता रडत होता, तिशीतला बाप्या. दारातून त्याची पोरगी बघत होती. "तूच केलंस ना हे? तूच ना? मग दे की आता!"

सायबाई खाली बसली, त्याच्या खाटेला पाठ लावून, चुलीकडे तोंड करून. दूध वर आलं, फसफसलं, कडेवरून उतू गेलं, निखाऱ्यावर पडून जळल्याचा वास सुटला. ती उठली नाही. सून आली, तिनं पातेलं उतरवलं आणि मागच्या दारानं बाहेर नेलं.

लोण्या दमला. हुंदके थांबले. "आई," तो बारीक आवाजात म्हणाला, "चुकलं गं माझं. पण थोडं दे ना."

सायबाईनं वळून पाण्याचा तांब्या उचलला, त्याच्या मानेखाली हात घातला आणि तांब्याची कड त्याच्या ओठांना लावली.